कुठे दुखतंय?

माझ्या रोह्याच्या मामांपुढे ‘सॉरी’ म्हणायची सोय नाही. म्हणजे ते रागावतात असं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. तुमच्या हातून पेला फुटला आणि तुमच्या तोंडून ‘सॉरी’ निसटलं, की मामा चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघतात आणि एखाद्या जुन्या फॅमिली डॉक्टरच्या काळजीने विचारतात,

“कुठे दुखतंय?”

माणूस गडबडतो. पेल्याकडे बघतो, स्वतःच्या बोटांकडे बघतो, रक्तबिक्त आलंय की काय ते तपासतो. “नाही नाही, कुठे काही नाही,” असं म्हणतो. मग मामा शांतपणे म्हणतात, “नाही ना? मग सॉरी कशाला म्हणालास?”

त्यांचे धाकटे जावई पहिल्या दिवाळसणाला दोन तास उशिरा आले आणि उंबरठ्यावरच ‘सॉरी’ म्हणाले. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. जावई नवे, घर नवं, सासरे इंग्रजीचे मास्तर. काहीतरी उत्तर दिलंच पाहिजे अशा समजुतीने बिचारे म्हणाले, “पोटात... थोडंसं.” झालं! मामींनी त्यांना ओव्याचा अर्क पाजला आणि सबंध दिवाळसण मऊ भातावर काढायला लावला. अनारसे, चिरोटे, कडबोळी सगळी ताटं समोरून जात होती आणि जावई ‘सॉरी’चा अर्थ शिकत होते.

या प्रश्नामागे मामांचा मोठा अभ्यास आहे. त्यांनी रोह्याला एका शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं. रद्दीच्या दुकानात त्यांना एकदा स्कीट नावाच्या इंग्रज पंडिताचा व्युत्पत्तिकोश मिळाला. हा कोश मूळचा 1879 ते 1882 या काळात निघालेला. मामांच्या प्रतीला पुठ्ठा नाही आणि ‘ए’पासून ‘बी’च्या मध्यापर्यंतची पानं भज्यांबरोबर कोणाकोणाच्या घरी गेलेली. पण ‘एस’ शाबूत होतं, आणि तिथेच ‘सॉरी’ होता.

मामांचं म्हणणं असं, की हा शब्द जन्मला तेव्हा त्याचा माफीशी काडीचा संबंध नव्हता. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणं, जखम, वेदना. त्यावरून ‘सारिग’ म्हणजे ज्याला दुखतंय असा, दुःखाने भरलेला. पुढे इंग्रजांच्या तोंडात जुन्या लांब ‘आ’चा ‘ओ’ झाला. ‘हाम’चं ‘होम’ झालं, ‘स्तान’चं ‘स्टोन’ झालं, तसं ‘सार’चं झालं ‘सोअर’. आपला घसा धरला की डॉक्टर चिठ्ठीवर ‘सोअर थ्रोट’ लिहितात, तोच हा ‘सोअर’. आणि ‘सारिग’चा झाला ‘सॉरी’. म्हणजे सॉरी हा सोअरचा सख्खा मुलगा. सॉरी म्हणजे ‘दुखऱ्या’!

“आणि मामा, ते ‘सॉरो’?” मी एकदा विचारलं होतं. सॉरो म्हणजे दुःख, सॉरी म्हणजे दुःखी, हा हिशेब मला तरी सरळ वाटत होता.

“तो वेगळ्या घरचा,” मामा म्हणाले. “त्याचे पूर्वज वेगळे. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद अजून काळजी या अर्थाने नांदतो. एकाच आळीत राहून राहून दोघांचे चेहरे सारखे झाले, एवढंच. गावात दोन पाटील असले म्हणून ते भाऊ असतात का?”

तर असा हा दुखरा शब्द. त्याने पुढे बरेच धंदे केले. ज्याला दुःख झालंय तो ‘सॉरी’ होताच. पुढे ज्याच्याकडे बघून दुसऱ्याला कीव यावी तोही ‘सॉरी’ झाला. शाळेत आम्ही वाक्प्रचार पाठ करायचो त्यात ‘टु कट अ सॉरी फिगर’ म्हणजे ‘फजिती होणे’ असा एक होता, आणि वार्षिक परीक्षेनंतर तो आम्ही वर्गशः जगून दाखवायचो. मग ‘आय ॲम सॉरी’ म्हणजे ‘तुझ्या बाबतीत जे झालं त्याने मला दुखतंय’ हे माफीच्या जागी आलं. एकोणिसाव्या शतकात पुढचं ‘आय ॲम’ही गळालं आणि उरला नुसता ‘सॉरी’. त्यातून आधी ‘मी’ गेला, मग ‘आहे’ गेलं, आणि शेवटी दुखणंही गेलं.

शब्द वापरून वापरून असे गुळगुळीत होतात, त्याला इलाज नाही. जर्मन भाषेत तर याच ‘सोअर’च्या भावंडाचा अर्थ आता नुसता ‘खूप’ एवढाच उरलाय. ‘झेअर गूट’ म्हणजे ‘फार छान’. एके काळी त्या ‘झेअर’मध्ये वेदना होती हे कोणाच्या गावीही नाही. आपण तरी काय वेगळं करतो? ‘भयंकर गोड मुलगी आहे हो’ असं आपण कौतुकाने म्हणतो, आणि त्यातलं भय कोणाला वाटत नाही. मुलीच्या बापाला वाटत असेल तेवढंच.

आता तुम्ही म्हणाल, या पेण-रोह्याच्या टापूत माणसांना दुसरे उद्योग नाहीत का? तर आहेत. पण हवेचाच गुण म्हणा. आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली विनोबा जन्मले, रोह्याला 1920 साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या सामान्य माणसालासुद्धा अधूनमधून नैतिक प्रश्न पडतात. एरवी आम्ही पोहे, पापड आणि गणपती यांतच मग्न असतो.

गणपतीवरून आठवलं. माफीचा माझा पहिला धडा रोह्याचा नाही, पेणचाच. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना होता. पेणमध्ये कोणाच्याही शेजारी गणपतीचा कारखाना असतोच. श्रावणातले दिवस, ओळीने मूर्ती सुकायला मांडलेल्या, आणि आम्ही पोरं मधून पकडापकडी खेळत होतो. माझं कोपर लागलं आणि एका गजाननाची सोंड खाली पडली. मी नुकताच शाळेत शिकलेला शब्द टाकला, “सॉरी!”

कारागीर आजोबांनी वर बघितलं नाही. हातातल्या मूर्तीचा कान कोरता कोरता म्हणाले, “सॉरीनं सोंड चिकटत नाही रे बाबा. बस हितं. शाडू मळ.”

दिवेलागणीपर्यंत मी शाडू मळला. मग आजोबांनी त्यातलाच गोळा घेतला, तुटलेल्या जागी पाणी लावलं, नवी सोंड ओढली, आणि ओलं बोट असं काही फिरवलं की जोड कुठे आहे ते मलाही सापडेना. हात दुखत होते. पण निघताना मला जे हलकं वाटलं होतं तसं पुढे फार थोड्या वेळा वाटलं.

म्हणजे बघा, पेणच्या आजोबांचं म्हणणं, सोंड जोड. रोह्याच्या मामांचं म्हणणं, आधी दुखू दे. आणि मी साठ वर्षं या दोन गावांच्या मधे, दोन्ही चुकवत, नुसता ‘सॉरी’ म्हणत जगलो.

आपल्या भाषेत माफीला शब्द नाहीत म्हणून आपण सॉरी म्हणतो, असं कोणी सांगेल तर त्यात तथ्य नाही. उलट आपल्याकडे शब्दांचं कोठारच आहे, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. ‘माफ करा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, दप्तरातला शब्द. त्याचा अर्थ सूट द्या, वगळा. सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी, तशीच ही गुन्हामाफी. चूक झाली हे खरं, पण खात्यावर मांडू नका, एवढीच विनंती. ‘क्षमा’ संस्कृत. ‘क्षम्’ म्हणजे सहन करणं. सगळं सोसते म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. तेव्हा ‘क्षमस्व’ म्हणजे खरं तर ‘तुम्ही सोसा!’ पूर्वी दूरदर्शनवर ऐन सिनेमाच्या वेळी चित्र जायचं आणि ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ अशी पाटी यायची, तेव्हा आम्ही पृथ्वीसारखेच मुकाट बसून सोसत होतो.

आणि ‘दिलगीर’! हा शब्द फारसी. ‘दिल’ म्हणजे काळीज, ‘गीर’ म्हणजे पकडलेलं. काळीज धरलं गेलंय असा तो दिलगीर. मोल्सवर्थच्या कोशातही दिलगीर म्हणजे खिन्न, दुःखी. म्हणजे तिकडे इंग्रजाने दुखणं घेऊन त्याची माफी केली, इकडे आपण पकडलेलं काळीज घेऊन त्याची माफी केली. हजारो कोसांवरच्या दोन शब्दांनी एकच रस्ता धरला, आणि दोघेही शेवटी एकाच ठिकाणी पोचले: खोदलेल्या रस्त्याच्या कडेच्या पाटीवर. ‘काम चालू आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आमच्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी संपलं नाही. इतकी वर्षं कोणाचं काळीज खरोखरच पकडलेलं राहिलं असतं, तर तो माणूस हृदयविकाराच्या इस्पितळात असता.

राहता राहिलं आपलं घरगुती ‘चुकलं’. हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत लबाड शब्द. ‘मी चुकलो’ म्हणजे मी चुकलो. ‘माझं चुकलं’ म्हणजे माझं काहीतरी, कुठलंतरी, नपुंसकलिंगी, चुकलं, मी नव्हे. आणि नुसतं ‘चुकलं’ म्हणजे तर पाऊस पडला तसं चुकलं, त्याला कोण काय करणार? एका ‘लो’चा ‘लं’ करून मराठी माणूस किती गुन्ह्यांतून सुटला असेल, याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक.

ही लबाडी आपल्यापुरतीच आहे असंही नाही. माफीपत्राला इंग्रजीत ‘ॲपॉलॉजी’ म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ बचावाचं भाषण. इसवी सनापूर्वी 399 साली सॉक्रेटिसवर खटला झाला, त्यातल्या त्याच्या भाषणाला प्लेटोने तेच नाव दिलं, आणि त्यात सॉक्रेटिस माफी मागत नाही. तो न्यायाधीशांनाच चार गोष्टी सुनावतो. 1533 साली टॉमस मोर याने ‘ॲपॉलॉजी’ लिहिली तीही स्वतःच्या समर्थनाचीच. पुढे त्या शब्दाला पश्चात्तापाचा अर्थ आला. पण तुम्ही कुठलंही सरकारी किंवा घरगुती माफीपत्र वाचून बघा. पहिल्या ओळीत पश्चात्ताप असतो आणि दुसऱ्या ओळीपासून तो शब्द आपल्या ग्रीक माहेरी निघून जातो.

मोठमोठी राष्ट्रंसुद्धा या शब्दांपाशी अडखळतात. ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून तोडून नेण्याचं धोरण कित्येक दशकं चाललं. 1999 साली तिथल्या संसदेने ठराव केला, त्यात ‘रिग्रेट’ म्हणजे खेद होता. पंतप्रधान हॉवर्ड यांनी ‘सॉरी’ काही म्हटलं नाही. तो शब्द उच्चारायला 13 फेब्रुवारी 2008 उजाडावी लागली, आणि पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून तो उच्चारला तेव्हा म्हातारी माणसं रडली. 13 एप्रिल 1919 च्या जालियनवाला बागेबद्दल 2019 साली शंभर वर्षं होताना ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने तर 2009 साली कायदाच केला, की सॉरी म्हटलं म्हणजे दोष कबूल केला असं दिवाणी कोर्टाने धरायचं नाही. कायद्याच्या दृष्टीने सॉरी म्हणजे शिंक! येऊन जाते, तिचा पुरावा धरत नाहीत.

हे सगळं मी तुम्हाला मोठ्या विद्वत्तेने सांगतोय, पण यातलं निम्मं मी गेल्या वर्षभरात वाचलं. माणूस अपराधी असला की त्याचं वाचन वाढतं.

झालं असं, की गेल्या जानेवारीत मामांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारी सकाळी, पनवेलला. मामा शहाऐंशीचे, मामी एक्याऐंशीच्या. मुलगा परगावी, त्याला रजा नव्हती. मी निवृत्त, रिकामा, पेणला. मी आपण होऊन म्हणालो, “मामा, मी सोमवारी रात्री येतो, सकाळी तुम्हाला घेऊन जातो.” मामा म्हणाले, “तू आलास तर उत्तमच.”

सोमवारी संध्याकाळी आमच्या निवृत्त मंडळींनी पोपटीचा बेत काढला. रायगडच्या बाहेरच्या वाचकांना पोपटी म्हणजे काय ते सांगायला हवं. थंडीत वालाच्या शेंगा भरतात तेव्हा मातीचं मडकं घ्यायचं, त्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, वांगी, जमलं तर अंडी भरायची, तोंडावर पाला कोंबून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. पाऊण तासाने जो वास सुटतो त्यापुढे भल्याभल्यांची व्रतं मोडलेली आहेत. माझं तर साधं वचन होतं.

शेतात उभं राहून, धुरात डोळे चोळत, मी फोन लावला. “मामा, सॉरी हं. वडखळला अडकलोय. सगळं जाम आहे. काही पोचायचं लक्षण दिसत नाही.”

या बाबतीत महामार्गाचा मोठा आधार आहे. त्याच्या नावावर काहीही खपतं. तो नाही असं कधी म्हणत नाही.

मी ‘कुठे दुखतंय?’ची वाट बघत होतो. उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, जरा विनोदी. पण मामा म्हणाले, “बरं. सावकाश जा घरी. रात्रीचं फार उशिरापर्यंत रस्त्यावर राहू नकोस.”

आणि फोन ठेवला.

पोपटी फार छान झाली होती असं सगळे म्हणाले. मला त्या शेंगांची चव आजही आठवत नाही.

रविवारी मी रोह्याला गेलो. पेणहून गाडीत बसलो. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं जात होती आणि मी भाषण तयार करत होतो. आता विचार करतो तर ती अस्सल ग्रीक ‘ॲपॉलॉजी’ होती. रस्त्याची अवस्था, माझा रक्तदाब, थंडी, फोनची बॅटरी. हातात पेणच्या पापडांचा पुडा. सोंड चिकटवायला आणलेला शाडू, दुसरं काय!

दार मामांनी उघडलं. डोळ्यावर काळा चष्मा. आणि आत पलंगावर मामी, पाय उशीवर, घोट्यापासून वर पांढरं प्लास्टर.

मंगळवारी सकाळी दोघंच गाडीने गेली होती. पनवेलला उतरताना, एका हातात पिशवी आणि एका हातात मामांचा दंड, अशा मामींचा पाय मुरगळला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ऑपरेशन होऊन मामांना बाहेर आणेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या, आणि मग उठताच येईना तेव्हा कळलं की हाड चिरलंय.

माझं भाषण नागोठण्याच्या खाडीत गेलं.

“मामा,” मी म्हणालो, “रस्ता जाम नव्हता. पोपटी होती.”

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अंडी घातली होती?”

“हो.”

“वांगी?”

“हो.”

“हं.” पुन्हा शांतता.

“मामा, मी चुकलो.” हे मी ‘लो’ लावून म्हणालो याची कृपया नोंद घ्यावी. आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही.

तेव्हा मामांनी काळा चष्मा किंचित खाली केला आणि विचारलं, “कुठे दुखतंय?”

साठ वर्षांत प्रथमच मला खरंच कुठेतरी दुखत होतं, पण कुठे ते सांगता येईना. लाज वाटत होती. लाजेचं दुखणं असतं का? आपण पकडले गेलो याचं दुखत होतं की मामींच्या पायाचं? हा हिशेब करायला लागलो तर पहिलंच जास्त निघेल अशी भीती वाटत होती. मी नुसता उभा राहिलो.

मामा म्हणाले, “आणि माझ्याशी काय बोलतोस? पाय काय माझा मोडलाय? मी माफी कोणत्या अधिकाराने देणार? आत जा.”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी शेजारी एक बेने इस्रायल कुटुंब होतं. आपल्या या किनारपट्टीवर शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले ज्यू लोक. पेणकर, रोहेकर ही आडनावं त्यांच्यातही आहेत. त्यांचा वर्षातला सगळ्यांत मोठा उपवासाचा दिवस म्हणजे योम किप्पूर, पापांच्या प्रायश्चित्ताचा. आपले बेने इस्रायल त्याला चक्क मराठीत ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दारं लावून घ्यायची, दिवसभर अन्नपाणी नाही, आत देवापुढे आपला हिशेब.

“पण दारं लावायच्या आदल्या दिवशी,” मामा म्हणाले, “ते शेजारचे आजोबा आमच्या घरी आले. माझ्या वडिलांशी त्यांचा आंब्याच्या फांदीवरून तंटा होता. म्हणाले, भाऊ, उद्या मी देवाकडे मागेन, पण तुमचं मागणं देव फेडत नाही, ते मलाच फेडायला हवं. आणि त्यांच्या धर्मशास्त्रात तसंच आहे. मिश्ना म्हणून त्यांचा जुना ग्रंथ आहे, अठराशे वर्षांपूर्वीचा. देवाविरुद्धच्या पापाला तो उपवास पुरतो. माणसाविरुद्धच्या पापाला पुरत नाही, त्या माणसाचं समाधान होईपर्यंत. देव मधे पडत नाही, तर मी कोण?”

मी मामींकडे गेलो. काय बोललो ते सांगत नाही. तोंडातून नीट काही आलंच नाही. मामींनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पुड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “पापड कच्चेच खायचेत का? भाज जा चार. आणि चहा टाक. सहा दिवस त्यांच्या हातचा पितेय, तेवढा तरी भोग संपव.”

चहात मी साखर विसरलो. मामींनी तो प्यायला.

त्यानंतर प्लास्टर निघेपर्यंत, आणि निघाल्यावरही, मी दर आठवड्याला रोह्याला जाऊ लागलो. भांडी घासतो, बाजार आणतो, मामांना पेपर वाचून दाखवतो. डोळा चांगला झाला तरी त्यांनी ही सोय बंद केलेली नाही. मामींचा पाय भरून आलाय, पण पावसाळ्यात ठणकतो. त्या पायाला सोंडेसारखी नवी माती लावून जोड लपवता येत नाही. काही गोष्टी शाडूच्या नसतात. हे मला पेणच्या आजोबांना सांगायला हवं होतं. पण ते आता नाहीत, आणि असते तर म्हणाले असते, “म्हणून काय झालं? शाडू मळ.”

आता शेवटची गोष्ट. मागच्या महिन्यात रोह्याहून परत येत होतो. गाडीला गर्दी. नागोठण्याला कॉलेजातली चार-पाच पोरं चढली आणि त्यातल्या एकाने, चांगला दणकट मुलगा, माझ्या चपलेवर आपला बूट असा रोवला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“सॉरी काका!”

आमच्या लहानपणी कोणाला पाय लागला तर वाकून त्याला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, तोंडाने काही नाही, अशी पद्धत होती. तिच्यासकट सगळं मला आठवलं. आणि मामांच्या घरून आलो होतो म्हणून असेल, किंवा करंगळीने मला बोलायला लावलं असेल, पण मी त्याला विचारलं,

“कुठे दुखतंय?”

मला वाटलं, हा गडबडेल, स्वतःचे हातपाय चाचपेल, मित्र हसतील. मग मी त्याला नागोठण्यापासून पेणपर्यंत पुरेल एवढी व्युत्पत्ती ऐकवीन.

पोरगा गडबडला नाही. त्याने खाली बघितलं. मग गर्दीत कसाबसा वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “इथे ना काका? करंगळीला? नख तर नाही ना गेलं?” आणि मित्राला उठवून मला जागा करून दिली.

मी बसलो. कासू आलं आणि गेलं. जे उत्तर मला त्या दिवशी मामांपुढे सापडलं नव्हतं, ते या पोराला विचारायच्या आधीच ठाऊक होतं. त्याने ‘कुठे दुखतंय’ हा प्रश्न स्वतःबद्दलचा आहे असं समजूनच घेतलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी हे सगळं मामांना सांगितलं. पेपर बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आत मामी पाय शेकत होत्या.

“कोणत्या शाळेत शिकलाय रे तो?” मामांनी विचारलं.

“विचारलं नाही मामा. का?”

“काही नाही,” मामा म्हणाले. “त्याला इंग्रजी येतं.”